कॉम्प्युटरात दुसरी डिस्क बसवली, ४ टीबीची, आत्तापर्यंतचा हिशोब

फ्लेमिंगोंचा हंगाम संपला की माझं दरवर्षीचं एकच रडगाणं, जागा नाही. शिवडी, भांडुप पंपिंग स्टेशन, ठाण्याची खाडी, रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची) एकेक २५ एमबीच्या आसपास आणि थवा उडाला की बोट काही शटरवरून उचलवत नाही. कॉम्प्युटर जिच्यावरून चालू होतो ती ५०० जीबीची एसएसडी (चिपवाली, वेगवान डिस्क) भरत भरत लाल पट्टीवर आली होती म्हणून शेवटी ४ टीबीची ३.५ इंची हार्ड डिस्क घेतली. एवढीच एसएसडी का नाही घेतली विचाराल तर पैसे, दुसरं काही कारण नाही.

बसवण्यापेक्षा कुठली घ्यायची यातच जास्त डोकं गेलं. भानगड सीएमआर आणि एसएमआरची, म्हणजे डिस्कवर डेटाचे ट्रॅक मांडायच्या दोन पद्धतींची. सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारी शेजारी, सुटे. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची पण उचलावी लागतात. थोडं थोडं लिहीत असाल तोवर काही कळत नाही कारण आधी सगळं कॅशमध्ये, म्हणजे डिस्कच्या तात्पुरत्या जागेत जातं, पण एका दमात दोन-तीनशे जीबी ओतले की कॅश भरते आणि स्पीड धाडकन खाली. सीगेटची ४ टीबीची बॅराकुडा एसएमआर आहे. २०२० मध्ये डब्ल्यूडीने (वेस्टर्न डिजिटल) रेड नावाच्या डिस्कांमध्ये गाजावाजा न करता एसएमआर घातल्याचं बाहेर आलं, बोंबाबोंब झाली, मग सीएमआरवाल्या रेड प्लस नावाने वेगळ्या काढल्या. मी सीगेटचीच आयर्नवुल्फ घेतली, ५४०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), सीएमआर.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात, कागदोपत्री भडकमकर मार्ग पण तसं कोण म्हणतंय, सीएमआर म्हटल्यावर काउंटरवरचा म्हणाला "साहेब, चार टीबी म्हणजे चार टीबी, काय फरक पडतो?" फरक पडतो हो. मॉडेल नंबर लिहून न्या आणि लेबलवर तोच आहे का बघा. सीरियल नंबर तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर टाकला, वॉरंटी दिसली, जीएसटीचं बिल घेतलं मगच पैसे दिले. लोकलच्या धक्क्यांची काळजी नव्हती, बंद डिस्कचे वाचणारे-लिहिणारे हेड बाजूला पार्क केलेले असतात. पण एसीतनं आपल्या दमट हवेत आलेली डिस्क लगेच चालू करायची नाही, आत दव धरू शकतं, म्हणून पिशवीतच थोडा वेळ पडू दिली.

आता बसवणं. आधी मदरबोर्डचं मॅन्युअल. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) भरलेला असेल तर एखाद-दोन साटा पोर्ट (डिस्कची केबल लागते ते) आपोआप बंद होतात आणि लोक बिचारे केबल बदलत बसतात. माझ्या बोर्डवर शेवटची दोन तशी निघाली, म्हणून पहिल्या रांगेतलं घेतलं. तिथे ग्राफिक्स कार्डचा बुड अगदी पोर्टाला टेकतो, सरळ तोंडाची केबल आत जाईना, काटकोनातली लावली तेव्हा क्लिप टक् करून बसली. पॉवर सरळ एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) साटा वायरीतनं दिली. मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा पॉवर प्लग) साटा करणारे ते स्वस्त, एकसंध प्लास्टिकचे ॲडॉप्टर मिळतात ना, ते मी हातात पण घेत नाही, आत वायरी एकमेकींना चिकटून जळाल्याचे फोटो भरपूर बघितलेत. आणि ३.५ इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्याचे असतात, एसएसडीवाले बारीक, अडला की जोर लावू नका.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडलं की इनिशियलाइझ विचारतं, तिथे डिस्कच्या विभागणीचा प्रकार जीपीटीच निवडायचा, जुना एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही. दिसतात ३.६३ टीबी, त्यात कोणी फसवलेलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

एक गोष्ट मात्र मी सोडत नाही, क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट. प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं, खराब जागा असली तर आत्ताच कळते, डिस्क रिप्लेस होते तोवर. रात्रभर चालतं. मुंबईत लाईट सहसा जात नाही पण २०२० च्या ऑक्टोबरात जवळजवळ अख्ख्या शहराची गेली होती, तेव्हापासून मी यूपीएसशिवाय असलं काही लावत नाही. सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या आणि संशयित जागा) दोन्ही शून्य, तापमान ४३ अंश. सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर बहुतेकदा डिस्क नाही, केबल बघायची.

फोटोंची कॉपी टेराकॉपी प्रोग्रामने केली, व्हेरिफाय (कॉपी मूळ फाइलशी ताडून बघणं) चालू ठेवून. वेळ जवळपास दुप्पट लागतो पण शेवटी हिरव्या टिका बघून जीवाला बरं वाटतं. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंची यादी) एसएसडीवरच ठेवलाय, हार्ड डिस्कवर फक्त रॉ फाइल, त्यामुळे प्रीव्ह्यू पहिल्यासारखेच पटापट येतात.

एसएसडीवरचे जुने फोटो अजून उडवले नाहीत. डोंबिवलीला ताईकडे एक एक्स्टर्नल ठेवायची आहे, तिच्यावर कॉपी गेली की मगच. राहता राहिली ती घरघर, दिवसा पंख्यात ऐकू येत नाही पण रात्री लोखंडी टेबल गुणगुणायला लागतं. ट्रेला रबरी वॉशर आहेत तरी. कोणी ५.२५ इंची (डीव्हीडी ड्राइव्हच्या) खणात रबरावर लटकवून बघितलीय का, आणि उन्हाळ्यात तापमान किती गेलं ते सांगा.