मनाच्या श्लोकांचं वृत्त सोडवताना

एमए मराठीच्या असाइनमेंटला एक रचना घेऊन वृत्त (म्हणजे ओळीतल्या ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा ठरलेला क्रम), यमक, बांधणी सगळं सोडवून द्यायचं होतं. साताऱ्यात राहून आणि सज्जनगड एवढा जवळ असताना दुसरं काय घेणार, समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक घेतले. 205 श्लोक आणि वृत्त एकच, म्हणून मैत्रिणी म्हणल्या सोप्पंय की.

पहिली ओळ, गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ ते गुरू, अनुस्वारवालं गुरू, जोडाक्षराच्या आधीचं पण गुरू, म्हणून सर्वां मधला स ऱ्हस्व असून गुरू झाला, आणि तीन-तीन अक्षरं पाडली की चारही गट लघु-गुरू-गुरू. अशा तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात, आणि हा गण लक्षात ठेवायच्या सूत्रातला, यमाताराजभानसलगा मधला पहिलाच, य गण. चार य म्हणजे भुजंगप्रयात, 12 अक्षरं, 20 मात्रा (लघुची एक, गुरूच्या दोन). इथवर गाईडमध्ये पण मिळतं.

पण चौथी ओळ बघा, गमूं पंथ आनंत या राघवाचा. अनंतचं आनंत का? नुसता अ ठेवला तर थ-अ-नं हे लघु-लघु-गुरू होतं, य च्या जागी स गण येतो आणि चाल तिथंच अडखळते, मग समर्थांनी सरळ अ चा आ केला आणि पुढं गेले! मला हे जाम आवडलं.

डोकं खाल्लं ते दुसऱ्या श्लोकानं. जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें. द्या जोडाक्षर, म्हणजे आधीचा नि गुरू, पण तो गुरू धरला की शेवटचा य गण मोडतो. सरांना विचारलं तर म्हणाले, "अगं मोठ्यानं म्हणून बघ की आधी." आजीला सगळे श्लोक पाठ, तिला म्हणायला लावलं, तर ती सोडूनि म्हणून सुटते आणि मग द्यावें उचलते, नि वर जोर येतच नाही. मराठीत आघात आला नाही तर जोडाक्षराच्या आधीचं अक्षर लघुच राहतं, तुझ्या मधल्या तु चं पण तेच. संस्कृतचा नियम जसाच्या तसा लावून भागत नाही.

यमक सोपं, गुणांचा, निर्गुणाचा, वाचा, राघवाचा, चारही ओळींना एकच.

तुलनेला दासबोधाची पहिली ओवी घेतली, श्रोते पुसती कोण ग्रंथ, काय बोलिलें जी येथ, श्रवण केलियानें प्राप्त, काय आहे. कवी तेच पण इथं गण पाडत बसण्यात अर्थच नाही, अक्षरं मोजायची, 9, 8, 9 आणि शेवटी 4, यमक पण ग्रंथ-येथ-प्राप्त असं सैल आणि शेवटचा चरण मोकळा. तोंडीला सरांनी नेमकं नि लघु कसा तेच विचारलं, मी सरळ ओळ चालीत म्हणून दाखवली.