भिजत घोंगडं

परवा दुपारी पाऊस असा लागून राहिला होता की दोरीवरच्या टॉवेलांना तिसऱ्या दिवशीही कुबट वास येत होता. बाहेर पडणं शक्य नव्हतं, म्हणून कपाटाचा खालचा कप्पा आवरायला काढला आणि जुन्या वर्तमानपत्रांखाली ते पुस्तक सापडलं. मुखपृष्ठावर धुकं, पडका किल्ला, आणि पुढे उघड्या छातीचा, लांब केसांचा एक गडी. खांद्यावरून चौकड्यांचं कापड सोडलेलं. भोवती धो धो पाऊस. गडी मात्र कोरडा ठणठणीत.

आवरणं तिथेच राहिलं, हे सांगायला नकोच.

कॉलेजात असताना असल्या प्रेमकादंबऱ्या मी पोत्याने वाचल्या. लायब्ररीवाले काका पुस्तक देताना मुखपृष्ठ खाली करून टेबलावरून सरकवायचे. अब्रू माझी जपायची की त्यांची, कोण जाणे. गोष्ट साधारण ठरलेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली दोन घराणी, गुरं पळवण्यावरून सुरू झालेलं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. ते मिटवायला एका घरची मुलगी दुसऱ्या घरच्या थोरल्याला द्यायची. ती त्याचं तोंड बघायला तयार नाही. मग घोड्यावरून प्रवास, वादळ, खाणावळीत नेमका एकच पलंग, त्याच्या दंडावर तलवारीचा वार, तिच्या हाती चिंध्या आणि गरम पाणी.

मावशीने एकदा मला पकडलं. उभ्या उभ्या दहा पानं वाचली आणि म्हणाली, "लग्न आधी, ओळख मागून. यात वाचण्यासारखं काय आहे गं? आमचंही तसंच झालं." मावशीचे यजमान तेव्हा ओसरीवर पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात पेपर वाचत बसले होते. मी वाद घातला नाही. पुस्तक मात्र परत करायचा दिवस येईपर्यंत तिने काही मला दिलं नाही.

मला नडायचं ते वेगळंच. त्या गड्याच्या अंगावरचं कापड, ज्याला तिकडे प्लेड म्हणतात, ती म्हणजे चक्क घोंगडी. कमरेला गुडघ्यापर्यंत नेसायचा आखूड किल्ट नंतरचा. आधी चारपाच वार लांबीचं लोकरीचं कापड जमिनीवर पसरायचं, चुण्या घालायच्या, त्यावर आडवं व्हायचं, कमरेला पट्टा आवळून उठायचं आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. दिवसा कपडा, रात्री तेच पांघरूण. आणि नायिका त्यात नाक खुपसते तेव्हा तिला येतो तो हेदरच्या, तिकडच्या माळावरच्या झुडपाच्या, फुलांचा वास!

माझं आजोळ माण तालुक्यातलं. मी हे कसं मानावं? आजोबांची घोंगडी चिंचोक्याची खळ दिलेली होती. नवी होती तेव्हा पुठ्ठ्यासारखी उभी राहायची म्हणे. माणात पाऊस तसा पाहुण्यासारखा, पण आला की आजोबा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मळ्यातून यायचे आणि ती सोप्यातल्या खुंटीला अडकवायचे. खाली पाण्याचं थारोळं, आणि घरभर मेंढरू आत शिरल्यासारखा वास. रात्री आम्ही नातवंडं तिच्यावरच झोपायचो. टोचते म्हटलं की आजी म्हणायची, "टोचू दे. इच्चूकाटा येत न्हाय जवळ." तो वास मला अजून आवडतो. पण त्याच्यावरून कुणाच्या प्रेमात पडणं, छे.

स्कॉटलंडात तर याच्याही पुढचं. विणलेलं कापड दाट व्हावं म्हणून बायका फळीभोवती बसून ते ओलं कापड आपटायच्या, आणि त्या तालावर गाणी म्हणायच्या, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी. ओलं कशात करायचं, तर साठवलेल्या शिळ्या मुतात. त्याने लोकरीचा तेलकटपणा जातो, रंगही पक्का बसतो. हेदर म्हणे!

एडमंड बर्ट नावाचा एक इंग्रज त्या काळात इन्व्हरनेसला होता. त्याची पत्रं 1754 साली लंडनला छापली गेली. त्यांत तो सांगतो, डोंगरात उघड्यावर झोपायची वेळ आली आणि थंड कोरडा वारा सुटला, की हे लोक प्लेड ओढ्यात बुडवतात आणि तशीच ओली लपेटून झोपतात. ओली लोकर दाटते, वारा आत शिरत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले. भिजत घोंगडं, शब्दशः! आणि कादंबरीत तरी दुसरं काय असतं? तीनशे पानं दोघांच्या मनात एकच गोष्ट, आणि बोलत कुणीच नाही.

नायिका दुरून चौकड्या बघून "हा मॅकेन्झी" असं ओळखते, ते मी सोडून देते. घराण्यागणिक ठरलेल्या चौकड्यांचं खूळ खरं बोकाळलं ते 1822 नंतर, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने इंग्लंडच्या राजाला, चौथ्या जॉर्जला, गुलाबी तंग तुमानीवर किल्ट नेसवून एडिंबरात मिरवलं तेव्हापासून. राजा गुटगुटीत होता. असो.

खरी खोड वजाबाकीची. पहिल्या प्रकरणावर बारीक अक्षरात साल असतं, 1743 वगैरे, आणि माझं डोकं लगेच चालू होतं. 16 एप्रिल 1746, कलोडनचं माळरान. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टच्या मागे गेलेली डोंगरातली माणसं सरकारी फौजेकडून तिथे तासाभरात कापली गेली. म्हणजे तीन वर्षं उरली, नायक पंचविशीचा. पेशवाईवरच्या कादंबरीत 1760 सालचं लग्न आलं की आपल्याला नवरीच्या गळ्यातल्या मोत्यांकडे बघवत नाही, तसंच. या लेखिका मात्र वस्ताद. शेवटच्या प्रकरणात पाळणा हलवतात आणि राजपुत्र बोटीतून उतरायच्या आत पुस्तक मिटतात.

पुढे सरकारने कायदा केला आणि 1747च्या ऑगस्टपासून ते कापडच गुन्हा ठरलं. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार. ही बंदी पस्तीस वर्षं टिकली. मुभा फक्त फौजेत गेलेल्यांना. मग पोरं फौजेत गेली, जाणारच. 23 सप्टेंबर 1803 ला जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर इंग्रज सेनापती वेल्स्लीची जी फौज चालून आली, तिच्यात 78वी हायलँडर पलटण होती. मॅकेन्झींच्याच मुलखात उभी केलेली, किल्ट नेसलेली. त्यातल्या कितीजणांचे आजे कलोडनला पडले असतील? त्यांच्यातल्या कुणाची प्रेमकथा माझ्या हाती कधी आली नाही. पाऊस नुकता सरलेला, घामाने भिजलेली लोकर, आणि घर इतकं लांब.

सापडलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडून बघितलं. 1744, वसंत ऋतू, बारसं. दोन वर्षं.

मग का कोण जाणे, मामाला फोन लावला. आजी गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा तांब्याची भांडी मोजून घेतली होती सगळ्यांनी. आजोबांची घोंगडी कुणी नेली, विचारलं.

"ती?" मामा जरा थांबला. "शेवटी बैलाच्या अंगावर टाकत हुतो. मग बैलबी इकला." थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्यानेच विचारलं, "तिकडं पाऊस हाय का गं? फोनात आवाज येतोय."

म्हटलं, तीन दिवस थांबला नाही.

"इकडं थेंब न्हाय अजून," मामा म्हणाला.