उन्हाळ्यातले पाणी आणि ओकचा बुंधा

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, ओकलंडच्या टेकड्यांवरील घरांच्या बागा आखताना पाण्याची काळजी दोन ऋतूंत दोन उलट कारणांनी करावी लागते. नोव्हेंबर ते मार्च या काळात वर्षाचा बहुतेक पाऊस पडतो आणि चिकणमातीच्या उतारावरून माती घेऊन घराच्या पायाकडे धावतो. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मात्र आकाशातून जवळजवळ थेंबही पडत नाही, आणि अशा वेळी नळाचे पाणी कोणत्या झाडाला चालेल, हे ठरवणे हाच आराखड्यातला अवघड भाग असतो. तो किती अवघड असतो, हे एका ऑगस्टमध्ये एका मराठी कुटुंबाच्या अंगणात मला दिसले.

घरातल्या काकूंच्या मुलाला मागच्या अंगणात हिरवळ आणि बसायला ओटा हवा होता. अंगणाच्या मधोमध कोस्ट लाइव्ह ओकचे, म्हणजे इथल्या सदाहरित ओकचे, जुने झाड होते आणि त्याचा शेंडा दोन वर्षांपासून विरळ होत चालला होता. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या काकूंनी त्यावर आपल्या परीने उपाय सुरू केला होता. "अगं, उन्हाने करपतंय ते. मी रोज संध्याकाळी आळं भरून पाणी घालते, तरी पानं गळतातच," असे त्या मला म्हणाल्या. आळे खरोखर सुबक होते, सगळीकडून सारख्या उंचीचे, आणि थेट बुंध्याला टेकलेले.

माझे लक्ष मात्र बुंध्याकडे गेले. निरोगी ओकचा बुंधा जमिनीजवळ रुंदावतो आणि मुळांत उतरत जातो. हा खांबासारखा सरळ मातीत शिरला होता. याचा अर्थ त्याच्याभोवती भराव टाकलेला होता. उतारावर सपाट अंगण मिळवण्यासाठी वरच्या बाजूची माती कापायची आणि खाली लाकडी भिंत घालून तिच्यामागे ती भरायची, ही इकडची जुनी रीत आहे, आणि आधीच्या कोणा मालकाने तेच केले होते. एवढ्या अंदाजावर आराखडा करणे मला पटेना, म्हणून मी वृक्षतज्ज्ञाला बोलावून घेतले. मुळांना कुदळीची इजा होऊ नये यासाठी ही मंडळी दाबाखालच्या हवेच्या झोताने माती उडवतात. दीड फूट माती निघाल्यावर मूळ बुंधा उघडा पडला. त्याची साल एका बाजूने मऊ झालेली होती. तिचा तुकडा उचलताच आत पंख्याच्या आकाराचे पांढरे पापुद्रे दिसले आणि अळंब्यांचा स्पष्ट वास आला. ही आर्मिलेरिया नावाची, मुळे सडवणारी बुरशी होती.

ही बुरशी बाहेरून आलेली नसते. इथल्या ओकच्या मुळांवर ती पूर्वीपासून असते आणि कोरड्या उन्हाळ्यात तिची वाढ खुंटते, त्यामुळे झाड आणि बुरशी वर्षानुवर्षे एकत्र नांदतात. साताऱ्यात उष्मा आणि ओल जून-जुलैत हातात हात घालून येतात आणि तिथली झाडे त्यासाठीच घडलेली आहेत. कॅलिफोर्नियात पाऊस थंडीत येतो, आणि उष्ण व ओली माती हा संयोग ओकच्या वाट्याला निसर्गतः येतच नाही. तो आपण नळाने घडवून आणतो. त्यातून बुंधा मातीखाली गाडलेला असेल, तर साल कधीच सुकत नाही आणि बुरशीला वर्षभर मोकळे रान मिळते.

"म्हणजे मीच मारलं की काय याला?" काकूंनी विचारले. भराव त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधीचा होता आणि झाडाचे आजारपण तिथूनच सुरू झाले होते, हे मी त्यांना सांगितले. पण रोजच्या पाण्याने ते वाढले, हेही लपवले नाही. वैशाखात आंब्याच्या रोपाला आळे करणारे हात चुकीचे नसतात, इथला वैशाख निराळा असतो एवढेच.

हिरवळ रद्द झाली. मुलगा थोडा खट्टू झाला, परंतु ओकलंडमध्ये छातीच्या उंचीवर ४ इंच व्यास भरणारा कोस्ट लाइव्ह ओकही परवान्याशिवाय तोडता येत नाही, हे कळल्यावर त्याने झाडाभोवतीच बाग आखायला संमती दिली. बुंध्याभोवतीचा भराव हाताने काढून मूळ पातळी मोकळी ठेवायची, तिच्या कडेला चुन्याशिवाय रचलेली दगडी बांधणी करायची आणि वरून येणारे पावसाचे पाणी खडी भरलेल्या चराने वळवून बाजूच्या उतारावर सोडायचे, असे ठरले. बुंध्यापासून दहा फुटांच्या आत काहीही लावायचे नाही. त्यापलीकडच्या सावलीत डग्लस आयरिस हे फुलझाड आणि कॅलिफोर्निया फेस्क्यू हे गवत, तर उन्हातल्या उतारावर माती धरून ठेवणारी सिॲनोथस आणि मॅन्झनिटाची बुटकी झुडपे मी सुचवली, तीही एकमेकांत अंतर राखून.

हे अंतर शोभेसाठी नाही. २० ऑक्टोबर १९९१ रोजी याच टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात २५ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे ३,००० घरे जळाली, तेव्हापासून इथला प्रत्येक आराखडा आगीचा विचार करूनच काढावा लागतो. २०२० च्या राज्याच्या कायद्याने तर घरालगतचा ५ फुटांचा पट्टा ठिणगीपासून जपायचा म्हणून वेगळा काढला आहे. त्या पट्ट्यात मी फक्त खडी घेतली.

काकूंच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला उन्हाळ्यात पाणी लागतेच, म्हणून त्यांच्या कुंड्यांसाठी घरापासून दूर, ओकच्या मुळांच्या उताराच्या खालच्या बाजूला वेगळा ओटा आणि ठिबकची स्वतंत्र नळी दिली. ठिबक काकूंना मान्य नव्हते. ती नळी त्यांनी बंदच ठेवली आहे आणि कुंड्यांना त्या तांब्यानेच पाणी घालतात. लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या पावसानंतर झाली. ओक वाचेलच असे वृक्षतज्ज्ञाने लिहून दिलेले नाही. मुळे किती सडली आहेत हे पाहण्यासाठी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी बुंधा तपासायचा आणि घराकडे झुकलेल्या फांद्यांचा भार हलका ठेवायचा, एवढेच सध्या ठरले आहे.