क्रँक खोटं बोलतो

लंडनमधल्या हर्न हिल वेलोड्रोमजवळ, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकजवळ, राहायला आलो (1948 च्या ऑलिंपिकच्या ट्रॅक शर्यती इथेच झाल्या) आणि जुन्या ट्रॅक सायकलींचं खूळ डोक्यात शिरलं. परवा एक घेतली, 140 पौंडांना. विकणारा म्हणाला, 1938 ची. विल्यम्स कंपनीच्या क्रँकमागे (पेडल जोडतात तो दांडा) बनवल्याच्या वर्षाचं अक्षर असतं. ते निघालं युद्धानंतरचं. पण क्रँक काय, कुणीही बदलतो! म्हणून सायकल उलटी केली, बॉटम ब्रॅकेटखालचा (क्रँकचा आस बसतो तो भाग) गंज घासून फ्रेम नंबर वाचला. आता तो जुन्या नोंदींशी ताडायचा. फ्रेमवरचं रेनल्ड्स 531 या पोलादी नळ्यांचं स्टिकर नवंकोरं, म्हणजे पुरावा शून्य. सीटपोस्ट (सीटचा दांडा) मात्र 27.2 मिलिमीटरचा अलगद बसला, तेव्हा नळ्या पातळ, बहुधा खऱ्या 531 च्याच. मूळ रंग गेलाय, तिथेच किंमत पडली. फोर्कला (पुढचं चाक धरणारा भाग) ब्रेकचं भोकच नाही, म्हणजे अस्सल ट्रॅकचीच, हे पाहून मी खूश. बायको म्हणाली, "मग थांबणार कसा?"