सही कुणाची?

आज मैत्रिणीसोबत दवाखान्यात गेले होते. गर्भपाताचा निर्णय तिने विचार करून घेतलेला. काउंटरवर पहिलाच प्रश्न, "मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल." मी म्हटलं, कायद्याने लागत नाही. उत्तर आलं, "आमच्याकडे अशीच पद्धत आहे." ती गप्प झाली, आणि मला संताप आला.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१चा. स्त्री सज्ञान असेल तर संमती फक्त तिचीच लागते. नवऱ्याची, सासूची, कुणाचीच नाही. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवडे झाली आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहित स्त्रियांनाही धरलं. हे किती जणींना माहीत आहे?

"मग स्त्रीभ्रूणहत्येचं काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि तो खोटा नाही. मुलगी नको म्हणून पाडलेला गर्भ ही भयंकर गोष्ट आहे. पण तिथे गुन्हा लिंगनिदानाचा आहे, त्यासाठी १९९४चा वेगळा कायदा आहे. शिवाय तिथेही बाईच्या इच्छेला कोण विचारतं? घरच ठरवतं. कधी पाड, कधी ठेव.

आयर्लंडमध्ये राहणारी भारतीय दंतवैद्य सविता हलप्पनवार आठवते. २०१२मध्ये तिला तिथे गर्भपात नाकारला गेला आणि ती जंतुसंसर्गाने गेली. तिथल्या लोकांनी २०१८मध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेतली गर्भपातबंदी काढली. आपल्याकडे कायदा आहे, तरी काउंटरवर नवरा विचारतात. मैत्रिणींनो, सही मागितली तर कारण लेखी मागा.