लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे?

जुलैतला शनिवार. साडेनऊला लॅब उघडली तेव्हा आदल्या रात्रीपासून लागलेला पाऊस थांबलेला नव्हता. डिह्युमिडिफायरची बादली काठोकाठ भरली होती, ती ओतून आले. लेसर नेमक्या वारंवारतेवर लॉक केले, कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर अणूंचा ढग दिसायला लागला, आणि रोजच्यासारखा स्कॅन लावून मी थीसिसचं प्रकरण लिहीत बसले. दुपारी अडीचला मान वर करून बघितलं तर रेषा जागची हलली नव्हती. पाच तासांत एकदाही नाही. तीन आठवडे ज्याच्यासाठी आम्ही जीव टाकत होतो ते आपोआप झालं होतं, आणि मला आनंदाऐवजी भीतीच वाटली, कारण मी काहीही बदललेलं नव्हतं. आमच्या मॅडम नेहमी सांगतात, आपोआप गेलेला बिघाड आपोआप परत येतो.

ही रेषा काय ते आधी सांगते. पुण्यातल्या एका संस्थेत मी पीएच.डी. करते, काम थंड अणूंवर. हवा उपसून काढलेल्या काचेच्या एका पेटीत रुबिडियमची किंचित वाफ सोडायची आणि तिच्यावर सहा दिशांनी 780 नॅनोमीटरचे लेसर रोखायचे. प्रकाशाच्या माऱ्यानं अणू मंदावत जातात. खोलीच्या तापमानाला हेच अणू सेकंदाला अडीच-पावणेतीनशे मीटर धावत असतात, आमच्या पेटीत ते सेकंदाला काही सेंटिमीटरवर येतात. मुंगीची चाल. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 20 मायक्रोकेल्विन, म्हणजे एका अंशाचा पन्नास हजारावा भाग. या युक्तीसाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना 1997 चं नोबेल मिळालं. आज जगभरातल्या शेकडो लॅबमध्ये ती रोज सकाळी केली जाते, तरी मॉनिटरवर ज्वारीच्या दाण्याएवढा तो पांढरा ठिपका उमटतो तेव्हा मला चौथ्या वर्षीही बरं वाटतं.

ढग तयार झाला की लेसर बंद करायचे आणि पडत्या अणूंवर मायक्रोवेव्ह सोडायची. रुबिडियम-87 च्या सर्वांत खालच्या अवस्थेला दोन पायऱ्या असतात. त्यांच्यातलं अंतर वारंवारतेत सांगायचं तर 6,83,46,82,610 हर्ट्झ, म्हणजे साधारण 6.8 गिगाहर्ट्झ. नेमकी तेवढी वारंवारता दिली की अणू खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जातो. वारंवारता थोडी थोडी बदलत किती अणू वर गेले ते मोजत राहिलं की आलेखावर एक टोकदार शिखर येतं. तीच आमची रेषा. रुबिडियमची घड्याळं याच उडीवर चालतात. मे 2023 मध्ये गेलेल्या एनव्हीएस-01 या दिशादर्शनाच्या उपग्रहात आपल्याकडे बनवलेलं असं घड्याळ आहे.

घड्याळासाठी चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ दाद न देणारी उडी निवडतात. आमचं काम उलटं आहे. आम्ही त्या दोन पायऱ्यांमधली क्षेत्राला सर्वांत हळवी उडी मुद्दाम धरतो. क्षेत्र एक मिलिगॉसनं (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) बदललं की आमची रेषा दोन किलोहर्ट्झपेक्षा जरा जास्त सरकते. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण 400 मिलिगॉस आहे, म्हणजे त्याचा चारशेवा भाग हलला तरी आम्हाला कळायला हवं. आणि कळत होतंच, नको तेवढं. रेषा सकाळी एका जागी असायची, अकराला दुसरीकडे, जेवणाच्या सुट्टीत कुठंही. एकंदर पसारा साडेपाच किलोहर्ट्झचा आणि रेषेची स्वतःची रुंदी एक किलोहर्ट्झ. अशा डेटावर पेपर लिहिता येत नाही.

तीन आठवडे आम्ही काय काय केलं! पेटीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र जुळवणाऱ्या कॉइलची पॉवर सप्लाय बदलली. मायक्रोवेव्हच्या सोर्सचा संदर्भ दुसऱ्या घड्याळावर टाकून बघितला. विजेच्या तारांची 50 हर्ट्झची गुणगुण असेल म्हणून प्रत्येक मोजणी मेन्सच्या लयीवर बांधून घेतली. लोखंडी स्टूल बाहेर काढली, माझ्या ज्युनिअरनं पान्यांची ट्रॉली पार पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवली. भिंतीपलीकडे दुचाकींचं पार्किंग आहे, तिथल्या चार रांगा आठवडाभर रिकाम्या ठेवायला लोकांना हात जोडले. फरक शून्य. टेबलाजवळ ठेवायचा, चुंबकीय क्षेत्र मोजणारा प्रोब आमच्याकडे होता, पण आम्ही तो फक्त कॉइल जुळवताना लावायचो आणि एरवी शेजारच्या गटाला द्यायचो. दिवसभर लावून नोंद ठेवायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. याची मला आजही चुटपुट लागते.

त्या शनिवारी रेषा स्थिर बघून मी थीसिस मिटला आणि तीन आठवड्यांचा सगळा डेटा काढला. एक स्कॅन एका मिनिटाचा, त्यामुळे हजारो स्कॅन साठले होते. इतके दिवस आम्ही रेषेची जागा वेळेसमोर मांडत होतो आणि वेड्यावाकड्या उड्या दिसत होत्या. या वेळी वेळ काढूनच टाकली. रेषा कुठल्या जागी किती वेळा सापडली एवढंच मोजलं.

चार ढीग आले.

पसरट टेकाड यायला हवं होतं. पॉवर सप्लाय हळूहळू घसरत असती तर तसंच आलं असतं. इथे चार वेगळे ढीग होते आणि मधली जागा रिकामी. दोन अगदी जवळ जवळ, तिसरा थोडा लांब, चौथा बराच लांब. म्हणजे जे काही हलत होतं ते चारच जागी थांबत होतं. शिवाय काही स्कॅनना फिटच बसत नव्हता, ते आम्ही खराब म्हणून टाकून देत होतो. ते उघडून बघितले तर शिखर अर्ध्यावर मोडलेलं, जणू स्कॅन चालू असताना कुणी रेषा उचलून दुसरीकडे ठेवली.

डोकं चालेना म्हणून चहाला निघाले. कँटीन दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या दाराला पुठ्ठा अडकवलेला होता: ‘देखभालीसाठी लिफ्ट बंद आहे. जिन्याचा वापर करावा.’ मी जिना चढायला लागले. पहिला मजला, दुसरा मजला, आणि कँटीनच्या दारात हात थबकला. वर तिसरा, खाली तळमजला. चार.

चहा न घेताच खाली आले. लिफ्टचे दोन मेकॅनिक तळमजल्यावरचं दार उघडं ठेवून काम करत होते. वयानं मोठे होते त्यांना विचारलं, ‘काका, ही लिफ्ट कुणी बोलावली नाही तर कुठं थांबते?’

‘जिथं सोडली तिथंच. खाली परत येणाऱ्या वेगळ्या असतात, ही जुनी आहे.’

‘आणि हिच्यात लोखंड किती?’

ते जरा माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘ताई, तुम्हाला केबिन तेवढी दिसते. खरं लोखंड मागं आहे. या, बघा.’ टॉर्च मारून दाखवलं. ग्रीसनं काळ्या झालेल्या दोन रुळांमध्ये एक उभी चौकट आणि तिच्यात विटांसारख्या रचलेल्या ओतीव लोखंडाच्या लाद्या. एका कोपऱ्यावर खडूनं कसलातरी आकडा लिहिलेला. केबिनच्या वजनाइतकं आणि वर भरल्या माणसांच्या जवळपास निम्म्या वजनाइतकं लोखंड तिथं असतं, असं त्यांनी सांगितलं. केबिन वर गेली की हे खाली येतं. सकाळपासून केबिन तिसऱ्या मजल्यावर बांधून ठेवली होती, म्हणून सगळा गठ्ठा आमच्या नजरेसमोर होता. मी मनातल्या मनात अंतर मोजलं. मधली भिंत धरून आमच्या काचेच्या पेटीपासून सहा-सात मीटर.

मेकॅनिकचं काम पाचला संपलं. ‘अर्धा तास लिफ्ट आम्हाला द्याल का?’ म्हटलं तर त्यांनी आनंदानं दिली. धाकट्या मेकॅनिकला तर आता निघवेना. मोबाइलला लिफ्टमध्ये रेंज नव्हती, ते बरंच झालं. ज्युनिअरला सांगितलं, तुला वाटेल त्या क्रमानं वीस वेळा थांब, प्रत्येक मजल्यावर एक मिनिट, आणि मजला कागदावर लिही. मला काही सांगू नकोस. मी लॅबमध्ये बसून माझ्या कागदावर लिहिणार होते.

पूर्ण स्कॅनला मिनिट लागतं, इथे झटपट उत्तर हवं होतं. मायक्रोवेव्हचा झोत जितका आखूड तितकी रेषा रुंद, म्हणून तो दहापट आखूड केला, वारंवारता रेषेच्या उतारावर नेऊन ठेवली आणि तिथंच सोडली. आता दर दोन सेकंदांनी स्क्रीनवर एक ठिपका पडणार होता आणि क्षेत्र हललं की ठिपका वर-खाली जाणार होता.

पहिल्या मिनिटात ठिपके वरच्या बाजूला एका ओळीत बसले होते. मग ओळ मोडली, सात-आठ ठिपके घसरगुंडीसारखे खाली आले आणि पुन्हा सरळ ओळ. मी लिहिलं, पहिला. पुन्हा घसरण, तळ. मग लांबलचक चढण, तिसरा. भिंतीपलीकडे लोखंड सरकत होतं आणि इथे काही लाख अणू ते मला दाखवत होते. माझे हात गार पडले होते.

दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. एकोणीस जुळले. सातवा चुकला: मी दुसरा लिहिला होता, त्याच्या कागदावर पहिला होता. तेवढ्यात धाकटा मेकॅनिक म्हणाला, ‘मध्ये एकदा मी वरनं बटण दाबलं होतं, हत्यारं राहिली होती.’ ज्युनिअरनं मजला आधीच लिहून ठेवला होता आणि लिफ्ट एक मजला वर ओढली गेली होती. विसाच्या विसात अणू बरोबर होते.

मॅडमना फोन केला. त्या घटकाभर काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘म्हणजे तीन आठवडे आपण लिफ्ट मोजत होतो. फार छान मोजत होतो.’

त्यांचं ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं, कारण आमच्या विषयात सध्या जे घडतंय ते याच अंगानं घडतंय. क्वांटम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर संगणक येतो, बातम्याही त्याच्याच जास्त. पण अणू बाहेरच्या जगाला इतका हळवा असतो ही संगणकवाल्यांची डोकेदुखी, तीच आमच्यासारख्यांची पुंजी आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटानं रस्त्याखालचा बोगदा शोधून दाखवला तो याच रुबिडियमचे थंड अणू खाली सोडून: बोगद्याच्या पोकळीमुळे गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक त्यांनी टिपला. रुबिडियमच्या तापवलेल्या वाफेवर चालणारे छोटे सेन्सर शिरस्त्राणात बसवून नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजलं, माणूस मान हलवत असताना. ते क्षेत्र आमच्या लिफ्टच्या खुणेपेक्षा लाखो पटींनी बारीक. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी मिळाली, 6,003.65 कोटी रुपयांची. त्याच्या चार केंद्रांपैकी सेन्सिंगचं, म्हणजे अशा बारीक मोजमापांचं, केंद्र आयआयटी मुंबईत आहे. सहा-सात मीटरवरचं लोखंड ओळखणं ही त्या लोकांच्या दृष्टीनं बालवाडी आहे, पण त्या संध्याकाळी मला हे सगळं पहिल्यांदा पुस्तकाबाहेर दिसलं.

अडचण मात्र तशीच होती. लिफ्ट दिवसा बंद ठेवा असं म्हणणं आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सरांना व्हीलचेअर लागते. म्हणून ऑगस्टभर मी रात्री अकरा ते पहाटे पाच काम केलं. वॉचमन काका अकराला लिफ्ट तळमजल्यावर आणून कुलूप लावायचे आणि वहीत सही घ्यायचे. सप्टेंबरात प्रोब पेटीजवळ कायमचा बसवला. तो जेवढा बदल मोजतो तेवढं उलटं क्षेत्र सहा कॉइल पेटीभोवती उभं करतात. आता भर दुपारी मोजलं तरी एकच ढीग येतो. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूचं कवच बनवून घ्यायचंय, ते महाग आहे, पुढच्या बजेटमध्ये बघू.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी मुळशीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेची मुलं आली. त्यांच्यासाठी आम्ही कॉइलची ती दुरुस्ती बंद ठेवली आणि लिफ्टचा खेळ लावला. निम्मी मुलं लिफ्टमध्ये, निम्मी स्क्रीनसमोर मजला ओरडून सांगायला. सातवीतली एक मुलगी खेळात नव्हती. ती मला म्हणाली, ‘मॅडम, माझी कंपासपेटी पण लोखंडाची आहे.’ मी तिला आमच्या काचेच्या पेटीपासून दोन हातांवर उभं केलं. तिनं कंपासपेटी पुढं केली, ठिपके खाली गेले. मागं घेतली, ठिपके वर आले. मग तिनं कंपासपेटी उघडली, आतलं कर्कटक काढून नुसतं तेवढंच पुढं धरलं आणि स्क्रीनकडे बघत उभी राहिली. मागं रांग वाढत होती, गुरुजी ‘चला, चला’ म्हणत होते. तिनं पट्टी काढली. ती प्लास्टिकची होती. ठिपके हलले नाहीत, तेव्हा तिनं मान डोलावली आणि पुन्हा कर्कटक घेतलं.