आमची वाटचाल: व्हीएसटी 2 बंद झालं, आम्ही नाही

आधी एक हिशेब मिटवतो. आम्ही फिल्टर, डिले (प्रतिध्वनी) असे प्लगइन बनवतो, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम. व्हीएसटी हा स्टाइनबर्ग कंपनीने ठरवलेला त्यांचा साचा, 2 जुना आणि 3 नवा. एका स्पर्धकाने आडून काहीही सुचवलं असलं, तरी आमचे व्हीएसटी 2 प्लगइन बेकायदा कधीच नव्हते. ऑक्टोबर 2018 पासून स्टाइनबर्गने व्हीएसटी 2 चे नवे करार करणं थांबवलं, हे खरं. पण ज्यांची सही त्याआधी झाली होती, त्यांचा वाटपाचा हक्क कायम राहिला. आमची सही झाली होती. ती कुणामुळे झाली तेही सांगतो, कारण त्या माणसाचं श्रेय आमच्या माहितीपत्रकातसुद्धा कधी छापलं गेलं नाही.

माझा पहिला भागीदार उत्तम कोड लिहायचा, पण त्याला खरं वेड कागदपत्रांचं. 2013 मध्ये व्हीएसटी 2 ची देखभाल थांबणार असं जाहीर झालं, तेव्हा आमच्यासकट बहुतेकांनी कानाडोळा केला. करणारच. व्हीएसटी 3 आलं 2008 मध्ये, आणि ॲबल्टन लाइव्हसारख्या होस्टमध्ये (होस्ट म्हणजे प्लगइन ज्यात चालतं ते सॉफ्टवेअर) ते चालायला 2019 उजाडलं. होस्टच विचारत नसतील तर प्लगइनवाल्याने कशाला जीव काढायचा? हा पठ्ठ्या मात्र सही झालेल्या कराराची प्रत फाइलला लावून मोकळा झाला होता. पुढे तो या धंद्याला कंटाळून बाहेर पडला. फाइल ठेवून गेला.

जुन्या प्रकारावर माझा जीव होता, लपवत नाही. एक डीएलएल (विंडोजवरची प्रोग्रामची फाइल), त्यात एइफेक्ट नावाचं एक स्ट्रक्चर (माहितीचा गठ्ठा) आणि एकच डिस्पॅचर, होस्टचे हुकूम घेणारा. होस्ट ऑपकोडचा, म्हणजे हुकमाचा, आकडा पाठवणार, आपण स्विचमध्ये उत्तर देणार. प्लगइनची ओळख चार अक्षरांची. मिडीचे (वाद्याकडून येणाऱ्या सूचनांचे) बाइट जसेच्या तसे हातात. नियम सैल असल्यामुळे प्रत्येक होस्टची तऱ्हा निराळी, आणि होस्टचं नाव विचारून त्याच्याशी त्याच्या कलाने वागायचं, हे आमचं निम्मं काम. व्हीएसटी 3 मध्ये आवाज घडवणारा प्रोसेसर वेगळा, नॉब सांभाळणारा कंट्रोलर वेगळा, पॅरामीटर (नॉबच्या किमती) सगळे 0 ते 1 च्या मापात. मिडी कंट्रोलर (वाद्यावरच्या चाकांचे, पेडलांचे संदेश) तर थेट येतच नाहीत, ते पॅरामीटरला जोडून घ्यायचे. 16 चॅनेल गुणिले सगळे कंट्रोलर केले की 2,000 च्या वर न दिसणारे पॅरामीटर होतात. कीबोर्डवरच्या एका चाकासाठी, मॉड व्हीलसाठी! असो.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग जानेवारी 2022. स्टाइनबर्गने जाहीर केलं की त्यांच्या होस्टमधून व्हीएसटी 2 पुढच्या 24 महिन्यांत जाणार, आणि ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या चिपवर) रोझेटा या जुने प्रोग्राम चालवणाऱ्या दुभाष्याशिवाय चालवायचं तर फक्त व्हीएसटी 3. गिऱ्हाईक थबकलं. आमचं व्हीएसटी 3 मधलं रूपांतर अर्धवट होतं, विक्री आटली, पगार लांबले. नेमक्या त्याच वेळी एका मोठ्या स्पर्धकाने (नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील) एक तक्ता काढला. डावीकडे त्यांचे प्लगइन, उजवीकडे आमचे, आमच्यापुढे शिक्का ‘कालबाह्य’. आमच्या परवान्याची पावती दाखवा आणि त्यांचा फिल्टर निम्म्या किमतीत न्या. तळाला बारीक अक्षरांत सूचक वाक्य, की काही जण व्हीएसटी 2 ‘परवानगीविना’ विकतात. त्यांची कंपनीच 2018 नंतरची, त्यांना तो करार मिळणारच नव्हता. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. आमचा एक प्रोग्रामर त्याच महिन्यात त्यांच्याकडे गेला, तेही लिहून ठेवतो.

आम्हाला तारलं एका गिऱ्हाइकाच्या हट्टाने. पार्श्वसंगीताचं मिक्सिंग करणारे हे गृहस्थ आमच्या पहिल्या डिलेपासूनचे. म्हणाले, ‘अहो, मला नवीन काही नको. जुनं सेशन उघडल्यावर तसंच वाजलं पाहिजे. तेवढं करा, पैसे आगाऊ देतो.’ आणि दिले.

जुनं सेशन (होस्टमध्ये साठवलेलं काम) नव्या प्लगइनने उचलायची सोय व्हीएसटी 3 मध्ये आहे. जुनी चार अक्षरं नव्या 128 बिटांच्या ओळखीत ठरलेल्या जागी बसवली की होस्टला नातं कळतं आणि जुना चंक (प्लगइनच्या साठवलेल्या किमती) तो आपल्या हवाली करतो. ते जमलं. सगळे नॉब जागच्या जागी. गृहस्थांचा फोन: ‘उघडलं, पण स्वीप तो नाही.’ स्वीप म्हणजे फिल्टर फिरताना आवाज सरकत जातो तो.

नल टेस्ट लावली. जुन्या प्लगइनची रेंडर (तयार झालेला आवाज) आणि नव्याची रेंडर शेजारी ठेवायची, एकीची फेज उलटवायची, बेरीज ऐकायची. दोन्ही सारख्या असतील तर काहीच ऐकू येता कामा नये. नॉब स्थिर असताना खरंच काही आलं नाही. फिल्टर फिरू लागला की मात्र मागे बारीक चरचर उरायची. बफर, म्हणजे होस्ट एका वेळी देतो तो सॅम्पलचा (आवाजाच्या सुट्या मोजमापांचा) ब्लॉक, 64 चा असताना जेमतेम, 1024 वर स्पष्ट. तिथेच चोर सापडला. व्हीएसटी 2 मध्ये बहुतेक होस्ट ऑटोमेशनची (नॉबच्या नोंदवलेल्या हालचालीची) किंमत ब्लॉकला एकदा देतात. व्हीएसटी 3 मध्ये ब्लॉकच्या आत कोणत्या सॅम्पलला किती, असे बिंदू येतात. नवं जास्त अचूक, वाद नाही. पण गृहस्थांनी मिक्स केलं होतं ते त्या पायऱ्यापायऱ्यांच्या स्वीपवर. मग चंक जुन्या आवृत्तीतून आला असेल तर ब्लॉकमधला शेवटचा बिंदूच घ्यायचा, अशी वाट काढली आणि बटणाला नाव दिलं ‘जुनी चाल’. तोच बफर ठेवून पुन्हा बेरीज केली. मीटर हललं नाही.

त्या बटणाने आमचे लांबलेले पगार दिले. परत आलेल्यांपैकी बरेच जण निम्म्या किमतीचा फिल्टर घेऊन बसले होते आणि जुनी सेशन उघडेनात म्हणून आले होते.

प्लगइन लिहिणाऱ्या नव्या मंडळींना, विचारलं नसलं तरी सांगतो. चंकच्या सुरुवातीलाच आवृत्तीचा आकडा लिहा. पॅरामीटरचे क्रमांक कधीही हलवू नका, नवा आला तर शेवटी जोडा. कोणत्या उत्पादनाला कोणती चार अक्षरं दिली त्याची वही ठेवा. मिक्सवाल्यांनो, काम संपलं की ट्रॅक ऑडिओत उतरवून ठेवाच, स्पर्धकही तेच सांगतो म्हणून ते चूक ठरत नाही. पण सेशन पुसू नका, आणि जुना इन्स्टॉलर सेशनच्याच फोल्डरमध्ये ठेवा. ऐन डेडलाइनला तो मागायला आम्हाला रात्री फोन येतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी 3 चं एसडीके (प्लगइन लिहायचा संच) एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली खुलं केलं, त्यामुळे नव्यांना सहीची कटकट उरली नाही. बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी 2022 मध्ये आणलेला क्लॅप हा प्लगइनचा खुला साचाही आम्ही देतो. ज्यांनी व्हीएसटी 2 घेतलं होतं त्यांना त्याचा इन्स्टॉलर आजही मिळतो. स्पर्धकाने तो तक्ता गुपचूप काढून टाकला, माफी वगैरे काही नाही. त्यांच्या फिल्टरच्या ताज्या आवृत्तीत ‘लेगसी ऑटोमेशन’ नावाचं एक बटण आलंय, एवढं मात्र कानावर आलं.